समोरची शीट

शेलूबाजारहून मंगरूळमार्गे वाशीमला जाणाऱ्या रामधन शेठच्या सर्व्हिस मोटारीत वीस जणांची जागा होती आणि बसत पस्तीस. टपावर बकऱ्या, मागे शिडीवर दोघंतिघं लोंबकळलेले. पण डायवरच्या डाव्या हाताची जी समोरची शीट, तिच्यावर माणूस एकच बसे, तो म्हणजे जगदेव पाटील. तहसीलदार जरी आला तरी त्याला मागे सरकावं लागे, अशी शेलूबाजारची समजूत होती. तहसीलदार कधी आला नाही ही गोष्ट वेगळी.

ही शीट पाटलाला अशीच नव्हती मिळालेली. चौतीस सालच्या पावसाळ्यात मोटार नाल्याच्या चिखलात आसापर्यंत रुतली, तेव्हा पाटलाने स्वतःच्या चार बैलजोड्या लावून ती ओढून काढली. रामधन शेठ हा मोजून बोलणारा माणूस, पण त्या दिवशी भर चिखलात त्याच्या तोंडून शब्द निघून गेला की पाटील, समोरची शीट जन्मभर तुमची. शेठला वाटलं, म्हातारा महिन्यातून एकदा बसेल. पाटील दुसऱ्या दिवसापासून रोज बसायला लागला. घरी दोन पोरं शेती सांभाळत होती, सुना घर सांभाळत होत्या, आणि पाटलाचं ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती. मोटारीत मात्र त्याचं ऐकणारा एक जण होता.

तो डायवर जमशेद.

मोटार सुरू झाली की पाटलाचं तोंड सुरू. "हां, गाडी येऊन राह्यली समोरून, कडब्याची. डावीकडे दाब. आता खड्डा हाय, हळू, हळू, झाला. बाभूय आली, संभाळ. आता मोकळी हाय, सोड." वाशीमपर्यंत हेच, आणि परत येताना हेच उलटीकडून. मागचे लोक हसत. म्हणत, मोटार तं पाटीलच हाकते, जमशेद नुसता चाक धरून बसते. जमशेदही हसे. दुसरा एखादा डायवर असता तर म्हाताऱ्याला कधीच म्हणाला असता की पाटील, तोंडाले जरा विसावा द्या. जमशेद एक शब्द बोलत नसे. लोक म्हणत, काय सोशीक माणूस हाय.

सोशीक कसला बाप्पा, त्याला दिसतच नव्हतं.

आता जवळचं म्हणाल तर जमशेदची नजर घारीची. त्याची बायको कुलसुम अंगणात गोधडी शिवायला बसली की सुईत दोरा ओवायला त्याला हाक मारी, आणि तो एका झटक्यात ओवून देई. गल्लीतल्या बायका तोंडात बोट घालत. कार्बोरेटरचं केसाएवढं भोक बुजलं तरी त्याला दिसे. पण वीस-पंचवीस पावलांच्या पलीकडचं जग ताकात बुडवून काढल्यासारखं होतं. झाड आहे एवढं कळे, कोणतं ते कळत नसे. माणूस आहे हे कळे, येतो की जातो हे कळत नसे. हे हळूहळू होत आलं होतं, सहासात वर्षं, आणि जमशेदने ते कोणाला सांगितलं नव्हतं, कुलसुमलासुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चष्मा का नाही लावला, असं तुम्ही विचाराल. अहो, चष्मा कोण लावतं? शाळामास्तर, कारकून आणि माळा जपणारे म्हातारे. डायवरने चष्मा लावणं म्हणजे पैलवानाने काठी टेकत आखाड्यात उतरणं. आणि जमशेदला या चाकापलीकडे होतं काय? बाप पिंजारी होता. लहानपणी जमशेदने बापाच्या हाताखाली कापूस पिंजला होता, नाकातोंडात तंतू जाऊन रात्रभर खोकला होता. एकदा चाक हातात आलं आणि पिंजाऱ्याच्या जमशेदचा "डायवरसाहेब" झाला. सोळा वर्षं लोक त्याला चहा पाजत होते, लग्नात वरच्या बाजूला बसवत होते. चाक सुटलं की पुन्हा ती कापूस पिंजायची धनुकली, पुन्हा तो तुण् तुण् आवाज. त्याला रात्री तो आवाज ऐकू येई आणि तो कूस बदलून झोपे.

चाळीस साल लागलं आणि नवा कायदा आला. रामधन शेठने दुकानात बसून कागद वाचून दाखवला. भाड्याची मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाने डॉक्टरकडून अंग तपासून दाखला घ्यायचा. डोळे, कान, हात, पाय, मिरगी, सगळं. दाखला नसेल तर लायसन नाही.

"मंगरूयच्या डाकबंगल्यात डाक्टर येऊन राह्यला पुढच्या बुधवारी," शेठ म्हणाला. "तुले कायची भीती, सुईत दोरा ओवणारा माणूस तू. पण एक सांगून ठेवतो जमशेद, वाईट नको मानू. दाखला नाही भेटला तं अमरावतीचा एक डायवर मी पाहून ठेवला हाय. मोटार उभी ठेवनं मले परवडत नाही."

जमशेद म्हणाला, "बरोबर हाय शेठ." आणि बाहेर येऊन थेट हकिमाचं घर गाठलं.

मग आठवडाभर त्याने डोळ्यांची जी सेवा केली ती विचारू नका. हकिमाचा सुरमा झाला, भिजवलेले बदाम झाले, पहाटे दवावर अनवाणी चालणं झालं, मंगरूळच्या पीराला चादर बोलून झाली. कुलसुम हसायला लागली. म्हणाली, एवढे चांगले डोळे आणि त्यांचे एवढे लाड कायले? जमशेदने तिला सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिने सुई पुढे केली. त्याने दोरा ओवून दिला.

बुधवारी मोटार सकाळी मंगरूळला पोचली आणि डाकबंगल्यासमोर उभी राहिली. वाशीमकडे जाणारे लोक कुरकुरले; पण डायवरच तपासणीला गेला तर मोटार जाते कुठे? पाटील खाली उतरून जमशेदच्या मागे मागे ओसरीपर्यंत गेला आणि पायरीवर बसला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पण जिथे मोटारीचं काम तिथे आपण पाहिजेच, असा त्याचा हिशेब होता.

डॉक्टर अकोल्याहून आला होता. तरणा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, गर्मीने जीव नकोसा झालेला. हाताशी फुलसिंग नावाचा चपराशी, मानोऱ्याकडच्या तांड्यातला. फुलसिंगची नोकरी अकरा वर्षांची झाली होती आणि त्यातून तो एक गोष्ट पक्की शिकला होता की साहेबाने काहीही विचारलं तर "जी" म्हणावं.

पाच डायवर ओळीने उभे. डॉक्टरने कानाशी घड्याळ धरून पाहिलं, जीभ काढायला लावली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. एकाने लाथ मारली म्हणून त्याला माफी मागावी लागली, आणि मग डॉक्टरनेच सांगितलं की लाथ मारली हे चांगलं झालं. मग डोळ्यांची पाळी आली. कायद्यात लिहिलं होतं की पंचवीस यार्डांवरून मोटारीच्या नंबराची पाटी दिसली पाहिजे. पण अख्ख्या मंगरुळात त्या वेळी मोटार उभी होती एकच, जमशेदची. पहिल्याने नंबर सांगितला. दुसऱ्याने सांगितला. तिसऱ्याने सांगितला तो डॉक्टरकडे तोंड करून, म्हणजे मोटारीकडे पाठ करून. तेव्हा डॉक्टरच्या लक्षात आलं की ही सगळी मंडळी सकाळपासून पाठांतर करून बसली आहेत.

त्याने तिघांनाही पुन्हा उभं केलं आणि रस्त्यापलीकडचं कडुलिंबाचं झाड दाखवलं, साठ-सत्तर पावलांवरचं. "त्या झाडाखाली काय काय आहे ते सांगा. एकेक जण." पहिल्याने सांगितलं, दुसरा चाचरला, तिसऱ्याने पोत्याला माणूस केलं. झाडाखालचे लोक घटकेघटकेला बदलत होते, त्यामुळे एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगता येत नव्हतं. चौथा खोकल्यावरच बाद झाला. हे सगळं होईस्तोवर दुपार चढली, डॉक्टरचा चष्मा घामाने नाकावरून घसरायला लागला, आणि त्याने तो काढून टेबलावर ठेवला. त्याला जवळचं लिहिता येत होतं तेवढं पुरे होतं.

"पुढचा. जमशेद वल्द करीम. सांग, झाडाखाली काय आहे?"

जमशेदने पाहिलं. खाली मातकट, वर हिरवट. बाकी सगळं ताक. त्याच्या कानात तुण् तुण् सुरू झालं. आपलं संपलं, एवढंच त्याच्या मनात आलं.

आणि मागे पायरीवर बसलेल्या जगदेव पाटलाच्या समोर जमशेदची पाठ आणि जमशेदच्या पुढे रस्ता, अशी सगळी मांडणी जमून आली. पाटलाचं तोंड आपोआप सुरू झालं, रोजच्यासारखं, पण पुटपुटत, देवाचं नाव घेतल्यासारखं: "लिंबाखाली रहीम शिंपी, मशीन घेऊन बसेल हाय. बाजूले बकरी बांधेल हाय. रस्त्यानं कोणी नाही. मोकळी हाय."

"लिंबाखाली रहीम शिंपी हाय साहेब," जमशेद म्हणाला. "मशीन घेऊन बसेल हाय. बाजूले बकरी हाय. रस्त्यानं कोणी नाही."

डॉक्टरने मान वर केली. "बकरीसुद्धा दिसते तुला?" त्याने झाडाकडे पाहिलं, पण चष्मा टेबलावर होता. "फुलसिंग, बरोबर आहे का रे?"

फुलसिंग त्या वेळी चहाच्या किटलीकडे पाहत होता. "जी साहेब," तो म्हणाला.

डॉक्टरने लिहिलं, दृष्टी उत्तम, चष्म्याची आवश्यकता नाही. लिहून बाकीच्यांना सुनावलं, "डोळे असे पाहिजेत. बघा जरा." चौघं जमशेदकडे बघायला लागले. जमशेदला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा दसपट आनंद झाला. पायरीवरून उतरताना त्याने पाटलाचा हात धरला. पाटलाला वाटलं, पायरी उंच आहे म्हणून धरला असेल.

दाखले दुपारच्या टपालाने अकोल्याला रवाना झाले.

आता खरी गंमत. डॉक्टरला दुसऱ्या दिवशी कारंज्याला तपासणी होती आणि त्यासाठी रात्रीच्या मुक्कामाला शेलूबाजारला यायचं होतं. जाणार कशाने? मोटार एकच. संध्याकाळी वाशीमहून परतताना जमशेदने डाकबंगल्यासमोर मोटार थांबवली. डॉक्टर बॅग घेऊन उभा होता. आणि जो कोणासाठी कधी उठला नव्हता तो जगदेव पाटील उठला. ज्या साहेबाने आपल्या जमशेदला भर ओसरीत मान दिला, त्याला मागे कसं बसवायचं? पाटील म्हणाला, "बसा साहेब, ही शीट तुमची." आणि मागे जाऊन चतुराबाईच्या रिकाम्या दुरडीशेजारी बसला. चतुराबाई रोज दह्याची मडकी घेऊन वाशीमला जाणारी बाई. ती म्हणाली, "पाटील, आज जमिनीवर आले."

जमशेदला म्हणावंसं वाटलं की पाटील, परत पुढं या. पण बोलणार काय?

डॉक्टरने चष्मा काढून डबीत ठेवला आणि पहिल्याच मैलात घोरायला लागला. मागे पाटील सरकारच्या पाठीमागे बसून बोलायचं कसं म्हणून तोंड मिटून होता. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या मोटारीत रस्त्याविषयी कोणी काही बोलत नव्हतं. दिवस बुडायला आला होता. जमशेदने वेग कमी केला, मग आणखी कमी केला, मग इतका की मागून रामकिसन नावाचा एक शेतकरी म्हणाला, "काहून गा, बैल दमले का?" लोक हसले. जमशेद हॉर्न वाजवत राहिला, अल्लाचं नाव घेत राहिला. मागे पस्तीस माणसं होती आणि त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की मोटार कोणीच चालवत नाही.

तीन मैल कसेबसे झाले. वळणावर रस्त्यात आडवं काहीतरी काळं पडलेलं दिसलं. हॉर्न दिला, हललं नाही. जमशेदने कचकन मोटार उभी केली. डॉक्टरचं डोकं समोरच्या काचेवर आपटलं.

"काय झालं?"

"साहेब," जमशेद अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "समोर म्हैस बसेल हाय का?"

डॉक्टरने चाचपून डबीतला चष्मा काढला, लावला. "म्हैस कुठली? झाडाची सावली आहे." मग तो थांबला. त्याने जमशेदकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. "तुला दिसत नाही."

जमशेदने चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. "नाही साहेब."

"अरे, दुपारी बकरी दिसली ना तुला?"

"पाटलाले दिसली. ते सांगतात, मी चालवतो. आज तुमी त्याइच्या जागी बसले अन् झोपले."

डॉक्टरला आधी संताप आला, मग भीती, आणि मग भीतीने संतापाला गिळून टाकलं. दाखला रद्द करतो म्हणावं तर तो टपालात गेलेला. आणि रद्द करताना लिहायचं काय? की मी चष्मा काढून ठेवला असताना एका दिसत नसलेल्या माणसाला उत्तम दृष्टीचा दाखला दिला? नवी नोकरी, पहिलाच दौरा. त्याने बॅग उघडली. तळाशी एक जुना चष्मा होता, तारेची डांडी, एका भिंगाला चीर. त्याने तो जमशेदच्या हातात दिला. यात दयेचा भाग थोडा होता. त्याला शेलूबाजारला जिवंत पोचायचं होतं.

जमशेदने चष्मा नाकावर चढवला. झाडाला पानं होती. एकेक वेगळी, मोजता येतील अशी. लांब धुऱ्याच्या बांधावरून एक बाई भारा घेऊन चालली होती आणि तिच्या लुगड्याचा काठ तांबडा होता. सहासात वर्षं हरवलेला हा रस्ता त्याला आज पुन्हा भेटत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, भिंगं ओली झाली, पुन्हा सगळं ताक झालं. त्याने ती सदऱ्याला पुसली आणि पुन्हा लावली.

"मी मागे बसतो," डॉक्टर म्हणाला. कारण सांगितलं नाही.

पाटील आनंदाने पुढे आला, शीटवर बसला, जमशेदच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "साहेबाले हवा लागत असनं समोर. चाल." आणि त्याने तोंड सुरू केलं. "आता मोकळी हाय, सोड. डाव्या अंगानं बाभूय येते, संभाळ."

जमशेदने डावीकडे पाहिलं. बाभूळ नव्हती. एक वाळलेला बुंधा होता, गुडघाभर.

"समोरून गाडी येऊन राह्यली, कडब्याची."

समोर काही नव्हतं. पुढच्या वळणाला मात्र खरोखरची एक गाडी आली, कडब्याची नव्हे, दगडांची, आणि पाटील म्हणत होता, "मोकळी हाय, मोकळी." जमशेदने चाक वळवलं म्हणून निभावलं. मग त्याच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. हातभर अंतरावर बसून पाटील त्याच्या तोंडाकडे पाहून बोलला होता, आणि नाकावरचा चष्मा त्याला दिसला नव्हता.

म्हणजे इतकी वर्षं हा म्हातारा रस्ता पाहून सांगत नव्हता. आठवून सांगत होता.

मागे बसलेल्यांना अंधारात जमशेदचा चष्मा दिसला नाही. शेलूबाजारला उतरताना डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "चष्मा लावूनच चालव. मी कुठे बोलणार नाही, तूही बोलू नकोस." दुसऱ्या दिवशी तो कारंज्याच्या मोटारीत बसला, तेव्हा पार मागच्या बाकावर बसला म्हणतात.

सकाळी जमशेद चष्मा लावून अड्ड्यावर आला. त्याला वाटत होतं, लोकांना सांगावं की मले दिसून राह्यलं, आजपासून तुमची काळजी मिटली. पहिली आली चतुराबाई. तिने पाय फळीवर ठेवला, वर पाहिलं, पाय खाली घेतला.

"काय झालं व, चतुराबाई?"

"डायवर आंधळा झाला," ती म्हणाली, आणि दह्याची दुरडी घेऊन बाजूला झाली.

"अवं, आता दिसते मले. पयले दिसत नव्हतं."

हे तो बोलला आणि बोलून बसला. पयले दिसत नव्हतं म्हणते, असं म्हणत आत बसलेले चौघं उतरले. रामकिसन म्हणाला, काल बिनचष्म्याचा चांगला होता गा, रात्रीतून काय झालं? कोणी म्हणालं, नजर लागली. कोणी म्हणालं, डाक्टरनं कायतरी घातलं डोयात. पाहता पाहता मोटार रिकामी झाली आणि रस्ता भरला. रामधन शेठ दुकानातून धावत आला.

"जमशेद, हे काय सोंग? तूच काल सांगतलं, दाखल्यावर लिहेल हाय का चष्मा लागत नाही. मंग? काढ तो, नाही तं चाक सोड. अमरावतीवाल्याले आजच तार करतो."

जमशेद चाकावर हात ठेवून उभा होता. चष्मा काढावा तर पस्तीस माणसं दोन आंधळ्यांच्या हवाली. लावावा तर तो घरी, हातात धनुकली, आणि नव्या डायवरच्या बाजूला पाटील, जो त्याला पहिल्याच दिवशी म्हणेल, मोकळी हाय, सोड. खरं सांगून पाहिलं तर काय झालं ते समोर दिसत होतं. त्याने त्या गर्दीकडे चष्म्यातून एकदा नीट पाहून घेतलं. सगळ्यांचे चेहरे इतके स्वच्छ त्याने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते, आणि त्यातल्या एकावरही अविश्वासापलीकडे काही नव्हतं.

मग त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "शेठ, हा चष्मा माहा नाहीच. मी नुसता लावून पाहत होतो, नीट हाय का म्हणून. डाक्टरसाहेबानं पाटलासाठी देला. नव्या कायद्यात हाय, समोरच्या शीटवर जो माणूस बसते त्यानं सरकारी चष्मा लावावा."

सरकारने कोणासाठी काय काढलं असेल याचा त्या काळी काही नेम नव्हता, त्यामुळे कोणाला खोटं वाटलं नाही.

"मले?" पाटील म्हणाला. "सरकारनं?"

"तुमालेच. तुमची शीट म्हणजे जोखमीची."

पाटलाने फेटा मागे सरकवला आणि मान पुढे केली. जमशेदने स्वतःच्या हाताने चष्मा त्याच्या कानांवर चढवला. चतुराबाई पाहत राहिली, मग म्हणाली, "शोभते पाटलाले. कोरटाचा वकील वाटते." आणि दुरडी उचलून आत चढली. तिच्यामागे सगळे चढले. जमशेद बिनचष्म्याचा चाकावर बसला, तेव्हा कोणी तरी म्हणालंसुद्धा, हां, आता जिवाले बरं वाटते.

मोटार निघाली. पाटील बोलेना. अर्धा मैल झाला, एक मैल झाला. जमशेदने वेग कमी केला.

"पाटील, बोला ना."

पाटील समोर पाहत होता. "जमशेद, इथची बाभूय कुठं गेली?"

मागून रामकिसन म्हणाला, "ते बाभूय? तीन साल झाले तिले तोडून, पाटील. मीच नेली वखराले."

पाटलाने चष्मा नाकावर नीट बसवला आणि सुरुवात केली, हळू, चाचपत, जमशेदने कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात. "बुंधा हाय. मंग बोरी. पुढं दोन बाया, एकीच्या कडेवर लेकरू. उजव्या अंगानं खड्डा, मोठा हाय, हा मले मालूमच नव्हता." मंगरूळ आलं. डाकबंगल्यासमोर मोटार थांबली तेव्हा पाटील लिंबाकडे पाहत बसला. झाडाखाली पाला होता, बाकी काही नव्हतं. पानवाला मोटारीशी आला तेव्हा त्याने विचारलं, "रहीम शिंपी दिसत नाही?"

"तो दीड सालामागं मानोऱ्याले गेला, पाटील. बकरी इकून गेला."

मोटार पुन्हा रस्त्याला लागली. पाटलाने आवाज खाली आणला, मागच्यांना ऐकू जाणार नाही इतका. "काल तू डाक्टरले शिंपी सांगतला."

"तुमीच सांगतला ना मले," जमशेद म्हणाला. "मले तं लिंबही दिसत नव्हता."

पाटलाने चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. रागावेल, असं जमशेदला वाटलं. पण म्हाताऱ्याचा हात सावकाश आला आणि त्याच्या गुडघ्यावर टेकला.

"मंग आपुन रोज पोचत कसे होतो बावा?"

जमशेदने सवयीने हॉर्न वाजवला. पुढे रस्त्यावर एक भरली गाडी होती. हॉर्न ऐकताच गाडीवानाने उडी मारली, बैलांच्या वेसणी धरल्या आणि गाडी जिवाच्या आकांताने धुऱ्यावर चढवली. तिच्या मागची म्हातारी वासरू ओढत काट्यांत शिरली. त्याच्याही पुढे, लांबवर, माणसं रस्ता सोडून शेतात उतरत होती. पाटलाने हे सगळं पाहिलं.

"लोकं बाजूले होऊन राह्यले, जमशेद," तो म्हणाला. "आपली मोटार पाहून."

गाडीचं एक चाक धुऱ्यावर, एक हवेत होतं. गाडीवान तिला खांदा लावून उभा होता आणि मोटार जायची वाट पाहत होता.

"थांब जरा," पाटील म्हणाला. "त्याले उतरू दे खाली. डावीकडे दाब, आणखी दाब. आज आपुन बाजूले होऊ."

जमशेदने चाक डावीकडे वळवलं आणि मोटार उभी केली.